श्रीमंत कोण, दरिद्री कोण?
श्री संत गजानन महाराज यांचे चरित्रदर्शन

विदर्भाच्या पुण्यभूमीत, बुलढाणा जिल्ह्यातील श्रीक्षेत्र शेगाव येथे दररोज सहस्रावधी भाविक श्री संत गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी येतात. कोणी स्वतःच्या मोटारीने येतो, कोणी एस. टी. ने, कोणी रेल्वेच्या साध्या डब्यातून, तर कोणी शेकडो मैलांची पायी वारी करून. कोणाच्या हाती चांदीचे ताट असते, तर कोणाच्या हाती केवळ एक नारळ व दोन फुले. रिकाम्या हाताने आलेल्या भाविकाच्या मनाला एक संकोच स्पर्शून जातो. आपण महाराजांना काय वाहणार? आणि भरल्या हाताने आलेल्याच्या मनातही कधीकधी एक सूक्ष्म अभिमान डोकावतो, की आपण पुष्कळ वाहिले.

हा संकोच व हा अभिमान या दोहोंचे मूळ एकाच प्रश्नात आहे. श्रीमंत कोणास म्हणावे आणि दरिद्री कोणास? श्रींनी या प्रश्नावर प्रवचन केले नाही, ग्रंथ लिहिला नाही. परंतु शेगावातील त्यांच्या बत्तीस वर्षांच्या वास्तव्यातील प्रसंग एकत्र पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर आपोआप उलगडत जाते. भाविकांच्या चिंतनासाठी ते चरित्र येथे याच दृष्टीने संक्षेपाने दिले आहे.

तत्कालीन शेगाव व वऱ्हाड प्रांत

श्रींच्या प्रकटनाच्या वेळचे वऱ्हाड हे कापसाचे वऱ्हाड होते. सन 1853 मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. सन 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले व तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे 1867 साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि 1870 साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. या लोहमार्गावर वसलेले शेगाव हे व्यापारी, अडते, पाटील, देशमुख यांनी गजबजलेले गाव बनले.

अशा गावात श्रीमंतीची मोजमापे ठरलेली असतात. किती एकर जमीन, किती बैलजोड्या, मोटेची विहीर आहे की नाही, घर माडीचे की कुडाचे, सावकाराकडे पत किती, यावरून माणसाची किंमत होत असे. मात्र तीच काळी माती रुसली की सारी मोजमापे कोलमडत. सन 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाची दैना केली. भाव पडला, पाऊस हुकला, कर्ज वाढले की कालचा बागायतदार आज दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस उभा राहत असे. श्रीमंती आणि दारिद्र्य यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नव्हते. श्रींचे अवतारकार्य या काळात व या लोकांमध्ये घडले.

प्रकटन : उष्ट्या पत्रावळीतील शिते

दिनांक 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी. शेगावात देवीदास पातुरकर यांच्या घरी मंगलकार्य होते. पंगती उठल्या होत्या व उष्ट्या पत्रावळी घराबाहेर टाकलेल्या होत्या. त्या पत्रावळींजवळ एक तेजस्वी तरुण बसून त्यांतील भाताची शिते एक एक करून वेचून खात होता. अंगावर धड वस्त्र नाही, जवळ पाणी पिण्यास एक भोपळा व हाती कच्ची चिलीम, एवढाच त्याचा संसार. रस्त्याने जाणाऱ्या बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुळकर्णी या दोघांची दृष्टी त्याच्यावर पडली.

तो भुकेला भिकारी असावा, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटले असते. परंतु बंकटलालांच्या मनाने वेगळी साक्ष दिली. पोटासाठी धडपडणारा मनुष्य घराच्या दारात जाऊन मागतो. हा तर कोणाकडे काही मागत नव्हता. त्यांनी पातुरकरांकडून वाढलेले पान आणविले. श्रींनी त्यातील गोड, तिखट, आंबट सारे एकत्र कालवून निर्विकारपणे भक्षण केले. दामोदरपंत पाणी आणण्यास गेले, तोवर श्रींनी जनावरांसाठी ठेवलेल्या पाण्यावर आपली तहान भागविली. गढूळ पाणी व निर्मळ पाणी, पक्वान्न व उष्टे अन्न यांत त्यांच्या लेखी भेद उरला नव्हता.

श्रींच्या चरित्रातील हे पहिलेच दृश्य आपल्या प्रश्नाचा पाया घालते. ज्याच्याजवळ काही नाही तो दरिद्री, ही व्याख्या येथे अपुरी पडते. श्रींजवळ काहीच नव्हते, परंतु त्यांना कशाची उणीव नव्हती. दारिद्र्य हे वस्तूंच्या अभावात जितके असते, त्याहून अधिक ते कधीही न शमणाऱ्या हव्यासात असते. दुसरी गोष्ट अन्नाची. ज्या घरातील पंगतीत जेवणाऱ्यांनी शिते टाकून दिली, ती श्रींनी वेचून ब्रह्मरूप मानली. म्हणून आजही शेगावी महाप्रसादाच्या पानात अन्न टाकू नये, असा भाविकांचा दंडक आहे. ताटात टाकलेले अन्न हे श्रीमंतीचे लक्षण नसून अविचाराचे लक्षण आहे.

बंकटलालांचे घर व पाटील मंडळी

त्या दर्शनानंतर बंकटलालांस चैन पडेना. पुढे गोविंदबुवा टाकळीकर यांच्या कीर्तनप्रसंगी श्रींची पुन्हा भेट झाली व वडील भवानीराम यांच्या संमतीने बंकटलालांनी श्रींना आपल्या घरी आणले. हे घर सधन होते. श्रींनी त्या घराचा अव्हेर केला नाही. तेथे त्यांची षोडशोपचारे पूजा झाली, सुग्रास भोजन झाले, गावोगावचे आर्तजन दर्शनास लोटू लागले.

पुढे शेगावच्या पाटील घराण्यानेही श्रींची सेवा अंगीकारली. कुकाजी पाटील, खंडू पाटील, हरी पाटील, कृष्णाजी पाटील ही मंडळी गावची मातब्बर. आरंभी पाटलांच्या तरुण मुलांनी श्रींची थट्टाही केली, त्यांना उसाने मारून पाहिले. श्रींनी राग न धरता तोच ऊस हाताने पिळून त्यांना रस पाजला, असे चरित्रग्रंथ सांगतो. बळाचा व घराण्याचा ताठा गळून पडला आणि हेच तरुण पुढे श्रींचे निष्ठावंत सेवक झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रींनी धनाचा द्वेष केला नाही. धनवान मनुष्य हा धनामुळेच देवापासून दूर जातो, असेही त्यांनी मानले नाही. बंकटलाल व हरी पाटील हे दोघेही सधन होते आणि दोघेही अखेरपर्यंत श्रींच्या निकट राहिले. प्रश्न धन असण्याचा नसून धनाने मनावर मिळविलेल्या ताब्याचा होता.

गुराख्यांची कांदाभाकर व भास्कराची विहीर

एकदा श्री शेगावाहून निघून पिंपळगावाच्या रानातील शिवमंदिरात ध्यानस्थ बसले. गुरे राखणारी मुले संध्याकाळी तेथे आली. त्यांनी रानफुले वाहिली आणि आपल्या शिदोरीतील कांदाभाकरीचा नैवेद्य दाखविला. ज्या मुलांना स्वतःचे म्हणावे असे एक गुरूही नव्हते, त्यांनी पूजेचा पहिला मान मिळविला. गावकऱ्यांस हे कळले ते त्यानंतर.

याउलट प्रसंग अकोली येथील भास्कर पाटील यांचा. भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी श्री त्यांच्या शेतात गेले व पाणी मागितले. भास्करांजवळ गावाहून वाहून आणलेला पाण्याचा घडा होता. परंतु हा धट्टाकट्टा मनुष्य काम न करता हिंडतो, याला पाणी देणे म्हणजे पुण्य नव्हे, असा विचार करून त्यांनी श्रींना झिडकारले. श्री जवळच्या एका विहिरीकडे वळले. ती विहीर अनेक वर्षे कोरडी पडलेली होती. श्रींनी परमेश्वराची करुणा भाकली आणि त्या विहिरीस पाण्याचा झरा फुटला, अशी ही प्रसिद्ध कथा आहे. भास्करांचे डोळे उघडले. ते श्रींना शरण गेले आणि पुढे त्यांचे एकनिष्ठ भक्त झाले.

या कथेतील चमत्काराकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु भाविकाने त्याआधीच्या क्षणाकडेही पाहावे. भास्करांपाशी पाणी होते, शेत होते, मेहनतीचे हातही होते. तहानलेल्यास ओंजळभर पाणी देण्याइतके मन मात्र त्या क्षणी नव्हते. विहीर कोरडी होती, त्याचप्रमाणे अंतःकरणही आटले होते. श्रींनी प्रथम विहिरीस पाणी आणले आणि त्या निमित्ताने आटलेल्या अंतःकरणास पाझर फोडला. देण्याजोगे असूनही ज्याचा हात पुढे होत नाही, त्याच्या दारिद्र्याला पैशाने उतार पडत नाही.

पितांबराचे फाटके धोतर

शेगावातील पितांबर शिंपी हा श्रींचा गरीब भक्त होता. दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या या माणसाच्या अंगावर स्वतः मात्र फाटके धोतर असे. नाव पितांबर व नेसण्यास चिंध्या, ही विसंगती पाहून श्रींनी आपल्याजवळचे चांगले वस्त्र त्यास नेसण्यास दिले. ही गोष्ट इतर काही मंडळींना खटकली. श्रींना अर्पण झालेले वस्त्र या शिंप्याने वापरावे, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी पितांबरास टोचून बोलण्यास आरंभ केला. कलह वाढू नये म्हणून श्रींनी पितांबरास शेगाव सोडून अन्यत्र जाण्याची आज्ञा केली.

पितांबर कोंडोलीस गेला. तेथील लोकांनी त्याची टर उडविली आणि गुरूचे सामर्थ्य दाखविण्यासाठी एक वठलेले आम्रवृक्ष हिरवे करून दाखव, असा हट्ट धरला. पितांबराने हात जोडून आपल्या सद्गुरूंचा धावा केला. त्या शुष्क वृक्षास पालवी फुटली आणि सारे गाव त्याच्या चरणी लागले, असे चरित्रात वर्णिले आहे. जवळ सुई व दोरा यांखेरीज काही नसलेल्या पितांबराचे नाव आज श्रींच्या चरित्रग्रंथाच्या प्रत्येक पारायणात घेतले जाते. त्याला टोचून बोलणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

कारंज्याचा लक्ष्मण व अकोल्याचे बच्चुलाल

धनाच्या परीक्षेचे दोन प्रसंग चरित्रात एकमेकांस जोडून येतात. कारंजा येथील लक्ष्मण घुडे हे धनिक गृहस्थ पोटाच्या व्याधीने त्रस्त होऊन शेगावी आले. श्रींच्या कृपेने त्यांस आराम पडला. कृतज्ञतेने त्यांनी श्रींना कारंज्यास आपल्या घरी नेले, थाटाने पूजा केली, द्रव्य अर्पण केले आणि माझे सर्वस्व आपलेच आहे, अशा अर्थाचे बोलणे बोलले. श्रींनी त्या शब्दांची कसोटी घेतली. सारे आपले असेल तर तिजोरीची दारे उघडी करावी, असे त्यांनी सुचविले. लक्ष्मणांचा चेहरा उतरला. ते घुटमळले. श्री न जेवताच तेथून निघून गेले. पुढे अल्पावधीत त्या घरची लक्ष्मी निघून गेली.

येथे भाविकांनी गैरसमज करून घेऊ नये. श्रींना त्या तिजोरीतील एक कवडीही नको होती. लक्ष्मणांनी मला इतकेच देणे जमते असे मोकळेपणाने सांगितले असते, तर त्यात उणे काहीच नव्हते. जे द्यावयाचे नाही ते दिले असे बोलणे, हा तो दोष होता. तोंडाने सर्वस्व व मनाने कुलूप, ही दुहेरी चाल संतांपुढे टिकत नाही.

दुसरा प्रसंग अकोल्याच्या बच्चुलाल अग्रवाल यांचा. तेही संपन्न होते. कारंज्याची हकीकत त्यांच्या कानी आली होती. श्री एके दिवशी अकस्मात त्यांच्या घरी येऊन ओट्यावर बसले. बच्चुलालांनी अंतःकरणपूर्वक पूजा केली. भरजरी वस्त्रे, सोन्याचे अलंकार, रुपये असे विपुल द्रव्य त्यांनी श्रींच्या अंगावर व पुढे ठेवले. श्रींनी ते सारे अलंकार काढून फेकून दिले, केवळ दोन पेढे ग्रहण केले आणि ते निघून गेले.

एकाच्या घरी तिजोरी उघडण्यास सांगणारे श्री दुसऱ्याच्या घरी अर्पिलेले सोने फेकून देतात. वरवर पाहता यात विरोध दिसतो, परंतु तत्त्व एकच आहे. जेथे मनाला कुलूप होते तेथे श्रींनी कुलपाकडे बोट दाखविले. जेथे मन आधीच मोकळे होते तेथे सोन्याची गरजच उरली नाही. दोन पेढे पुरेसे झाले.

अमरावती : गणेश आप्पांचे घर

अमरावतीस श्री गेले असता तेथील प्रतिष्ठित मंडळींत त्यांना आपल्या घरी नेण्याची चढाओढ लागली. आत्माराम भिकाजी यांच्यासारखे अधिकारी, गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांच्यासारखे विख्यात वकील व लोकनेते यांच्या घरी श्रींच्या पूजा झाल्या. त्याच नगरात गणेश आप्पा नावाचे एक सामान्य लिंगायत गृहस्थ राहत. त्यांच्या पत्नी चंद्राबाई यांच्या मनात श्रींचे चरण आपल्या घरास लागावेत अशी उत्कट इच्छा होती. पतीस मात्र धीर होईना. मोठमोठ्यांची आमंत्रणे जेथे खोळंबली आहेत, तेथे आपल्यासारख्यांची काय दाद लागणार, असे त्यांस वाटले.

श्रींनी अंतर्ज्ञानाने हे जाणले आणि स्वतः गणेश आप्पांचा हात धरून त्यांचे घर किती दूर आहे, याची विचारपूस केली. श्री त्या घरी गेले. त्या दांपत्याने आपला संसार श्रींच्या चरणी वाहिला व तेथे तिजोरी उघडण्याचा प्रश्न उद्भवला नाही. खापर्डे यांचा वाडा व गणेश आप्पांचे घर या दोन्ही ठिकाणी श्री गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्याचा मत्सर नाही, लहानाची उपेक्षा नाही. मात्र ज्याने स्वतःस लहान समजून बोलावण्याचेही धैर्य केले नाही, त्याच्याकडे श्री आपण होऊन गेले.

बंडूतात्यांचे कर्ज

दारिद्र्य हे भूषण आहे, अशी काहींची समजूत असते. श्रींनी तसे कधी मानले नाही, हे खेर्ड्याच्या बंडूतात्यांच्या कथेवरून दिसते. बंडूतात्या उदार होते. घरी आलेल्या प्रत्येकाचा सत्कार करावा, दानधर्म करावा, अशी त्यांची वृत्ती होती. मात्र आय व व्यय यांचा मेळ न राहिल्याने कर्ज झाले, घरदार गहाण पडले, सावकारांचे तगादे सुरू झाले. ज्यांनी पोटभर खाल्ले तेच तोंड फिरवू लागले. अपमान असह्य होऊन बंडूतात्यांनी हिमालयात जाऊन देह टाकण्याचा निश्चय केला व ते घराबाहेर पडले. वाटेत एका सज्जनाच्या सांगण्यावरून ते प्रथम शेगावी श्रींच्या दर्शनास आले.

श्रींनी त्यांच्या मनातील संकल्प ओळखला. आत्मघात हा सुटकेचा मार्ग नव्हे, हे त्यांनी प्रथम बजाविले. नंतर बंडूतात्यांच्याच मळ्यात एका बाभळीच्या झाडाजवळ खणण्यास सांगितले. तेथे मोहरांनी भरलेले भांडे निघाले. कर्ज फिटले, मळा सुटला. मात्र श्रींनी त्यांस एक ताकीदही दिली. दान करावे ते आपली ऐपत ओळखून व पात्र पाहून करावे. सुखाचे सोबती फार असतात, त्यांच्या स्तुतीसाठी घर बुडवू नये.

ही कथा आजच्या विदर्भास फार जवळची आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून कर्ज, नापिकी व पडलेले भाव यांमुळे विदर्भातील अनेक शेतकऱ्यांनी जीवनयात्रा संपविली. सन 2006 मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा जिल्हाही होता. अशा घरातील कोणी भाविक ही पुस्तिका हाती घेईल, त्याने बंडूतात्यांची कथा पुन्हा वाचावी. श्रींच्या दृष्टीने कर्ज हे पाप नव्हते आणि कर्जबाजारी मनुष्य हलका नव्हता. त्याचा जीव सर्व मोहरांहून मोलाचा होता. म्हणूनच मोहरा दाखविण्यापूर्वी त्यांनी त्यास मरणाच्या वाटेवरून मागे फिरविले. आणि त्याचे धन सापडले तेही त्याच्याच मळ्यात. तसेच वाटेतल्या त्या सज्जनासही विसरू नये. खचलेल्या माणसास योग्य ठिकाणी पाठविण्याचे त्याचे काम प्रत्येकास करता येण्याजोगे आहे.

त्र्यंबक कवरांची भाकरी

वैद्यकीचे शिक्षण घेणारे त्र्यंबक कवर सुटीत अकोल्यास आपल्या घरी आले होते. श्रींना आवडणारे पदार्थ आपण स्वतः नेऊन अर्पण करावे, अशी त्यांची इच्छा. वहिनींनी ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा, मिरच्या असे साधे जेवण करून दिले. ती शिदोरी घेऊन ते स्थानकावर गेले, तो गाडी निघून गेलेली. पुढच्या गाडीस काही तासांचा अवकाश होता. भोजनाची वेळ टळणार, आपला नैवेद्य पोहोचणार नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

इकडे शेगावी श्रींपुढे जिलबी, राघवदास, खीर अशा पक्वान्नांची ताटे मांडली गेली होती. श्रींनी एकाही ताटास हात लावला नाही. सेवेकऱ्यांनी विनवण्या केल्या, तरी श्री स्वस्थ बसून राहिले. तिसरा प्रहर उलटून गेला तेव्हा कवर येऊन पोहोचले. त्यांनी संकोचाने आपली शिदोरी पुढे केली आणि श्रींनी ती भाकरी आवडीने भक्षण केली.

नैवेद्याची किंमत बाजारभावाने ठरत नाही, ती त्यामागील तळमळीने ठरते. म्हणूनच आजही श्रींना पिठले, भाकरी, अंबाडीची भाजी व कांदा यांचा नैवेद्य दाखविला जातो. जे वऱ्हाडच्या कोणत्याही गरीब घरात शिजते, तेच श्रींना प्रिय झाले. त्यामुळे ज्याला नैवेद्य करणे परवडत नाही असा भाविक उरलाच नाही.

नागपूरचा राजवाडा

नागपूरचे धनाढ्य गोपाळ बुटी यांनी श्रींना आपल्या सीताबर्डीवरील वाड्यात नेले. तेथे कशाचीही कमतरता नव्हती. चांदीची ताटे, पंक्तीमागून पंक्ती, सेवेस नोकर. परंतु श्री आपल्याकडेच कायम राहावेत, या लोभाने त्यांनी वाड्यावर पहारे बसविले व शेगावच्या भक्तांना आत जाणे कठीण केले. शेगाव ओस पडले. शेवटी हरी पाटील नागपुरास गेले. श्री त्या वैभवातून तत्काळ निघावयास सिद्ध झाले. बुटी यांनाही आपली चूक उमगली. त्यांनी सर्वांस प्रेमाने भोजन घातले व श्रींचा आशीर्वाद घेऊन निरोप दिला.

बुटी यांची भक्ती खोटी नव्हती. परंतु जे सर्वांचे आहे ते एकट्याच्या वाड्यात कोंडून ठेवावे, ही धनिकाची सवय भक्तीतही डोकावली होती. संत हे कोणाची मालमत्ता होत नाहीत.

मठाची वर्गणी व संस्थानाची स्थापना

श्रींच्या वास्तव्यासाठी जागा हवी, म्हणून भक्तमंडळींनी सरकारकडे अर्ज केला व एक एकर जागा मिळाली. बांधकामासाठी हरी पाटील, बंकटलाल आदी मंडळी वर्गणी गोळा करू लागली. तेव्हा टीकाकारांनी विचारले की, ज्यांच्या सेवेस प्रत्यक्ष कुबेर असल्याचे तुम्ही सांगता, त्यांना वर्गणी कशास हवी? त्यावर भक्तांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की महाराजांना मठाची गरज नाही. सारे त्रैलोक्य हाच त्यांचा मठ आहे. वर्गणी ही देणाऱ्याच्या कल्याणासाठी आहे. हातून काही सत्कार्य घडावे, एवढाच तिचा हेतू.

सन 1908 मध्ये, श्रींच्या हयातीतच, संस्थानाचा कारभार विश्वस्तांच्या हाती सोपविण्यात आला. त्यामागील अर्थ फार मोठा आहे. भक्तांनी दिलेले धन हे कोणा एका शिष्याचे, घराण्याचे अथवा पुजाऱ्याचे झाले नाही. ते सर्वांचे झाले व त्याचा हिशेब ठेवणे हे सेवेचे अंग बनले. ज्या सत्पुरुषाने सोन्याचे अलंकार फेकून दिले, त्यांच्याच नावाने उभ्या राहिलेल्या निधीचा पै-पैचा हिशेब ठेवला जावा, यात विसंगती नाही. स्वतःसाठी जमविलेले धन हे ओझे असते. लोकांसाठी सांभाळलेले धन ही जबाबदारी असते.

त्याच 1908 साली अकोला येथे शिवजयंतीच्या उत्सवात लोकमान्य टिळक व श्री एका व्यासपीठावर होते. पुढे 22 जुलै 1908 रोजी लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी श्रींनी त्यांच्यासाठी प्रसाद पाठविला, तोही भाकरीचाच. राष्ट्राच्या पुढाऱ्यास व रानातल्या गुराख्यास जोडणारा धागा तोच होता.

समाधी व पुढील परंपरा

दिनांक 8 सप्टेंबर 1910 रोजी, भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे ऋषिपंचमीच्या दिवशी, श्रींनी शेगाव येथे समाधी घेतली. मागे त्यांनी घर, शेत, पैसा, वारस असे काहीही ठेवले नाही. मागे उरला तो त्यांचा नामजप, त्यांच्या पादुका व लाखो अंतःकरणांतील श्रद्धा. पुढे 1939 साली संतकवी दासगणू महाराजांनी एकवीस अध्यायांचा श्री गजानन विजय हा ग्रंथ रचला आणि भास्कर, पितांबर, चंद्राबाई, बंडूतात्या ही वऱ्हाडची माणसे मराठी घराघरांत पोहोचली.

आज संस्थानातील महाप्रसादाच्या पंगतीत विनामूल्य भोजन मिळते व तेथे शेजारी कोण बसला आहे हे कोणी विचारीत नाही. मंदिरात सेवाभावाने झाडलोट करणाऱ्या, पादत्राणे सांभाळणाऱ्या, पंगत वाढणाऱ्या सेवेकऱ्यांत शेतमजूर असतो, शिक्षक असतो, व्यापारीही असतो. त्यांच्या सेवेस वेतन नाही, तरी त्या सेवेची संधी मिळावी म्हणून ते वाट पाहतात. वेळ हेही एक धन आहे व ते प्रत्येकास दिवसाला सारखेच मिळते.

भाविकांनी कोणता बोध घ्यावा?

शासनास गरीब व श्रीमंत यांची व्याख्या आकड्यांनी करावी लागते. सन 1999 मध्ये महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका देण्यात आल्या, त्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून. अशी व्याख्या आवश्यकच आहे. भुकेल्यास धान्य मिळावयाचे तर भूक मोजावीच लागते. बंडूतात्यांचे कर्जही शेवटी मोहरांनीच फिटले होते. दुसऱ्याच्या दारिद्र्यास अध्यात्माचा मुलामा देऊन आपले कर्तव्य टाळणे हे श्रींच्या शिकवणीस धरून नाही.

परंतु माणसाने स्वतःस मोजताना ते माप पुरेसे नाही. तेथे श्रींच्या चरित्राचे माप लावावे. आपल्या घड्यातील पाणी तहानलेल्यास देता आले का? दिले असे म्हणताना मनाला कुलूप तर नव्हते ना? दुसऱ्याच्या अंगावरील चांगले वस्त्र पाहून आपणास दुःख झाले का? खचलेल्या एखाद्या बंडूतात्यास आपण वाट दाखविली का? ज्यास या प्रश्नांची उत्तरे निर्भयपणे देता येतात तो श्रीमंत, मग त्याची शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो. आणि ज्यास ती देता येत नाहीत, त्यानेही निराश होऊ नये. भास्करांची विहीर वर्षानुवर्षे कोरडी होती, तिलाही पाणी लागले.

समाधीपुढे उभे राहताना रिकाम्या हातांचा संकोच बाळगू नये व भरल्या हातांचा अभिमान धरू नये. दर्शन झाल्यावर महाप्रसाद अवश्य घ्यावा, पानात अन्न टाकू नये आणि घरी परतल्यावर दारी आलेल्यास पाणी विचारावे. हीच श्रींची सेवा होय.

॥ शुभं भवतु ॥